मधल्या खांबावरचं बेरिंग

किकवी, आश्विन शुद्ध १०, शके १८५९

चिरंजीव आनंदराव यास रखमाजीचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल आहोत. शिमग्यापासून तुझं एक अक्षर नाही, पण त्याबद्दल मी विचारत नाही. पुण्याच्या कारखान्यात कामं फार असतील.

भात चांगलं निसवलं आहे. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. तुझ्या आईचा गुडघा थंडी पडायच्या आधीच कुरकुरायला लागला आहे. भाताची गिरणी चालू आहे.

एवढं कार्डावर लिहून टाकून देणार होतो. तुझ्या आईनं वाचून घेतलं आणि म्हणाली, "नुसतं चालू हाय म्हून लिवू नगा. कशापायी चालू हाय, ते लिवा." म्हणून कार्ड फाडलं आणि पाकीट आणलं.

तर ऐक. तू गेल्यावर मधल्या खांबावरचा पितळी बूश, ज्यात शाफ्टचा दांडा फिरतो तो, मी पुन्हा घासून बसवला. महिनाभर चालला आणि जळाला. पुन्हा केला, पुन्हा जळाला. ऐन आषाढात चौथ्यांदा धूर निघाला तेव्हा गिरणीचे मालक सोनबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "नाना, तुमचा मान हाय, पर आता पुण्याचा मिस्त्री आणावा म्हंतो." चाळीस वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. मी घरी येऊन पाणीसुद्धा प्यालो नाही.

दुसऱ्या दिवशी भीमा धनगर गाडीचं चाक घेऊन आला. त्याचे मोडके आरे भरून दिले. भीमानं आसावर चढवलं, दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिलं आणि म्हणाला, "डुलतंय नव्हं? मंग बरं. गच बसलं तर वाटंतच जळंल." हे त्याला मीच शिकवलेलं आहे. चाक आसावर जरासं डुललं पाहिजे, रस्ता कुठं सरळ असतो! हातातलं वाकस तसंच ठेवलं आणि मी आत गेलो.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी तू गिरणीत सगळ्यांदेखत हेच सांगत होतास. "आबा, बूश कितीबी घासा. पावसात खांब हलत्यात, शाफ्ट तिरपा व्हतो. हितं डुलणारं बेरिंग पायजे." मी तुझे शब्द ऐकलेच नाहीत. माझा मुलगा चारचौघांत मला शिकवतो, एवढंच ऐकलं. मग मी काय बोललो ते तुला पाठ असेल. मलाही आहे. तू जेवल्यावाचून गेलास आणि तू पुण्याहून आणलेलं बेरिंगचं खोकं फडताळात राहिलं.

ते खोकं मी चार महिने उघडलं नव्हतं. उघडलं तर झाकणाच्या आत तुझं पेन्सिलीचं अक्षर. "आबा, जाळात घालू नका, तेलात तापवा. ठोकायचंच तर आतल्या कडीवर ठोका. कोंडा आत जाऊ देऊ नका." म्हणजे मी एक दिवस ते उघडणार, हे तू धरूनच चालला होतास. मला राग आला आणि डोळ्यांत पाणीही आलं. हे तुझ्या आईला ठाऊक नाही.

बेरिंग हातात घेतलं. छर्‍यांच्या दोन ओळी. आतली कडी बोटानं तिरपी केली तर तिरपी होते, आणि तशीही फिरते. हे तर माझ्याच गाडीचं चाक, फक्त लोखंडात केलेलं.

चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतो, तसंच ते तेलात तापवून शाफ्टवर सरकवलं. हातोडा लागलाच नाही. भाताचा कोंडा वाळूसारखा खातो, म्हणून भीमाच्या जुन्या घोंगडीच्या दोन चकत्या कापून बेरिंग ज्यात बसतं त्या पेटीच्या दोन्ही तोंडांना बसवल्या. ही अक्कल माझी, तेवढी माझ्या नावावर असू दे. इंजिन चालवणाऱ्या गेनूनं दुपारभर पट्टा चालवला. संध्याकाळी पेटीवर हात ठेवला तर अंगाला लागेल एवढीच ऊब. आज तीन महिने झाले, तसंच आहे.

आता खरं लिहितो. हे तीन महिने जो तो म्हणतो, नानांनी गिरणी वाचवली. भोरहून लोक बघायला आले. मी मिशीवर हात फिरवत ऐकून घेतलं. पडलो तरी नाक वर, ही माझी खोड तू ओळखतोस. पण घरी आलं की झाकणातलं तुझं अक्षर आठवायचं.

काल खंडेनवमी. गिरणीत हत्यारांची पूजा मांडली. पाटावर माझं वाकस, करवत, पटाशी. आणि सगळ्यांच्या पुढे तुझा मोजायचा कंपास ठेवला, भाटघरच्या धरणावर काम शिकलास तेव्हाचा. गेनूनं विचारलं, "नाना, ह्यो कुणाचा?"

मी म्हणालो, "आनंदाचा. बेरिंगबी त्यानंच निवडलं. म्या न्हाई. म्या तर त्याला हाकलला व्हता."

मग सोनबांनी मानाचा नारळ माझ्या हातात दिला. मी फोडला नाही. म्हणालो, ज्याचा मान तो आल्यावर फोडेल. तो नारळ देव्हाऱ्यापाशी ठेवला आहे, आणि तुझी आई रोज हलवून पाणी वाजतं का बघणार आहे. दिवाळीच्या आत ये.

माझं नाव लावू नकोस, असं मी म्हणालो होतो. ते माझं चुकलं. तुझा राग गेला नसेल तर नको लावूस. मी मात्र आजपासून तुझं लावतो.

आनंदराव फिटरचा बाप,
रखमाजी सुतार