चौऱ्याऐंशी टाक्यांत सात

बाई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी तुमचं ते "उसव" अजून कानात आहे. दवनीवाड्याला तुमच्या पडवीत आम्ही मुली दुपारी सुया घेऊन बसायचो. त्या हिवाळ्यात शाळेच्या स्वेटरांच्या कामात मला घ्यायचं की नाही, हे मी विणलेल्या स्वेटरच्या एका पाठीवर ठरणार होतं. नाही जमलं तर आईशेजारी विड्या वळायला बसायचं, असं घरी ठरलेलंच होतं. खालची पट्टी झाली होती, चौऱ्याऐंशी टाके, त्यांत सात वाढवायचे. मी भागाकार केला, दर बारा टाक्यांनंतर एक वाढवला आणि वीतभर विणून ऐटीत तुमच्या हातात दिलं. तुम्ही ते उलटसुलट करून बघता. शेवटचा वाढवलेला टाका थेट कडेला, शिवणीत जाणारा, म्हणून दोन बाजू सारख्या नाहीत. "गणित बरोबर हाये तुयं, स्वेटर चुकला," तुम्ही म्हणता. "दोन्ही कडांले अर्धं अर्धं अंतर सोडा लागते." आणि सगळ्यांसमोर धागा ओढता. मला इतका राग आला की घरी जाऊन सुया धानाच्या पोत्यांमागे फेकल्या. दुसऱ्या दिवशी मीच त्या शोधून काढल्या. आधी सहा, मग बारा-बारा, शेवटी सहा. काम मिळालं, विड्या टळल्या.

पुढच्या थंडीत मी तुमच्यासाठी तपकिरी स्वेटर विणला. गळ्याच्या डाव्या बाजूला टाके घटवायचं विसरत गेले आणि शेवटी सगळे एकदम घटवले, म्हणून तिथे चुणी पडली. तुम्ही तो दोन हिवाळे घातलात. माझं सगळं उसवणाऱ्या तुम्ही त्या चुणीबद्दल चकार शब्द काढला नाहीत.

आता गोंदियात माझा वर्ग आहे आणि मी तुमच्याहून खाष्ट आहे. काल एका मुलीची पाठ उसवली, तर ती रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, तुमचं कधी चुकलंच नाही का?" "कधीच नाही," मी म्हणाले. ती सुया ठेवून निघून गेली. तिचा हात चांगला आहे, तिला मी सोडणार नाही. उद्या सकाळी तिच्या घरी जाऊन त्या चुणीचं सांगणार आहे आणि तिला परत आणणार आहे.

तुम्हाला मात्र तेव्हाच सांगायला हवं होतं. आता हे पोचणार नाही, म्हणून धीर होतो आहे. बाई, स्वेटरची घडी घालतानाच ती चुणी मला दिसली होती. उसवायचा कंटाळा केला, आणि तुमच्या हातात देताना ती बाजू खाली ठेवली.