सहदेवाची हाक

१८ जानेवारी १८६५, अमरावती

आलो बुवा एकदाचा! भुसावळपर्यंत आगगाडी, पुढे बैलांच्या दमणीत बसून हाडं खिळखिळी. पण गावात शिरलो आणि शीण पळाला. जिकडे पाहावं तिकडे रुईच्या गाड्या. वाटेवरच्या बाभळींनासुद्धा कापूस लागला आहे! अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून वऱ्हाडाची चैन आहे. आणि रुईच्या गाठी बांधणाऱ्या या कारखान्याचा नवा कारभारी कोण? तर मी, भगवंतराव.

मुंबईच्या मालकांनी बजावलं आहे: होळीच्या आत सगळा माल बांधून रवाना केला तर नोकरी कायम, आणि आवारातलं कौलारू घर माझं. मग गोदावरीला तिच्या भावाकडून इथे आणता येईल. नाही जमलं तर पुन्हा दोघांनी त्याच मेहुण्याच्या दारात. ते आता होणे नाही.

कारखाना निजामाच्या अमदानीतला आहे. काळ्या दगडाचा कोट, आत रुई टाकायचे उंच ओटे, मधोमध दुमजली दाबघर. माडीच्या लाकडी जमिनीत सागवानी हौदाचं तोंड आहे. हौद तळमजल्यापर्यंत उतरतो. त्यात रुई ओतायची, माणसांनी आत उतरून ती पायांनी तुडवायची. माणसं बाहेर आली की खाली बैल फिरतात, भलंमोठं लाकडी मळसूत्र फिरतं, वरून चाप उतरतो आणि रुईची दगडासारखी गाठ होते. काय ते सुतारकाम! मी बघतच राहिलो.

फक्त माणसं आडदांड. जमादार पुंजाराम साऱ्यांदेखत म्हणतो, "आले काय, भगवंतराव?" मी तिथल्या तिथे ठणकावलं की इथे माझं नाव कुणी घ्यायचं नाही, साहेब म्हणायचं.

२१ जानेवारी

इथे एक विचित्र रीत आहे. चाप उतरण्याआधी पुंजाराम हौदावर वाकतो आणि उद्धव, देवीदास अशी तुडवणाऱ्या एकेकाला नावाने हाक मारतो. ज्याने त्याने बाहेरून "मी भायेर!" म्हणायचं. इथवर ठीक. रुई आवाज गिळते. आत राहिलेला माणूस कितीही ओरडला तरी वर ऐकू येत नाही. पण शेवटी तो "सहदेव!" अशी हाक मारतो आणि सगळे हात जोडून उभे राहतात. ओ कुणीच देत नाही. मग बैल हलतात.

चौकशी केली. सहदेव हा तुडवणाऱ्या देवीदासाचा बाप. फार वर्षांपूर्वी दुपारी हौदातल्या मोकळ्या रुईत त्याचा डोळा लागला, कुणी हाक मारली नाही, आणि चाप उतरला. देवीदासाचं म्हणणं, हाक ऐकली की बाप बाजूला सरतो, चाप त्याला लागत नाही. ज्या दिवशी तो बाहेरून ओ देईल त्या दिवशी सुटला. सहदेवाची बायको पार्वताबाई ओट्यावर रुईतला कचरा वेचते. दर हाकेला तिचे हात थांबतात.

मेलेल्या माणसासाठी जिवंत बैल खोळंबवायचे! कपाळ माझं.

३ फेब्रुवारी

वैताग, नुसता वैताग. ओट्यांवर रुईचे डोंगर, गाड्यांची रांग वेशीपर्यंत, आणि हे लोक हात जोडून उभे! आज सरळ हाकाच बंद केल्या. सगळ्यांच्याच. घंटा वाजली की बाहेर पडायचं, बास.

पार्वताबाई पदर पसरून आली. म्हणे, हाक नका बंद करू, त्याले दुखते. मी तिला कामाला लाव म्हणून पुंजारामावर खेकसलो. त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं. असल्या नजरांनीच डोकं फिरतं.

७ फेब्रुवारी

गाठी भराभर निघताहेत. मग हे सगळे सुतकी चेहऱ्याने का वावरताहेत?

चाप मात्र मध्येच अडतो, आतून कुणी रेटावा तसा. सुताराला दाखवलं. मळसूत्र चांगलं आहे म्हणतो. गाठी हाताला कोमट लागतात. पुंजाराम त्यांना शिवत नाही. मी म्हटलं, ऊन लागलं असेल. दाबघरात ऊन येत नाही, हे मलाही ठाऊक आहे.

१० फेब्रुवारी

आज एका गाठीच्या अंगावर पंजा उमटला होता. बाहेरून दाबलेला नव्हे. आतून बाहेर आलेला, पाची बोटं फाकलेली.

पार्वताबाईने त्यावर आपला हात ठेवला. मी गाठ फोडायला लावली. आत रुई. नुसती रुई.

१३ फेब्रुवारी

चाप उतरताना आज आतलं कण्हणं सगळ्यांनी ऐकलं. मीही. बैलसुद्धा थबकले.

देवीदासाने हौदात उतरायचं सोडलं. बाकीचेही अडून बसले. होळी तोंडावर आली आणि माझा कारखाना बंद! गोदावरीला काय तोंड दाखवू?

१४ फेब्रुवारी

हरलो. पुंजारामाला सांगितलं, उद्यापासून मार बाबा तुझ्या हाका, पहिल्यासारख्या. सहदेवालाही.

तो म्हणाला, आता तो आयकन का नाई, देव जाने. आधी हौद मोकळा आहे हे कुणीतरी पाहून या, तरच उतरू; तोवर वरूनच रुई ओतू आणि हाका मारू. पण पाहणार कोण? सगळे खाली बघतात. भेकड लेकाचे!

१५ फेब्रुवारी, दुपार

मीच उतरलो. सगळे भाकरी खायला गेलेले, म्हटलं एकट्याने काठीने ढोसून येतो, मग बघू कोण नाही म्हणतं.

रुई मोकळी होती. छातीपर्यंत गेलो. वही-पेन्सिल अंगातल्या बंडीच्या खिशात होती म्हणून—हात तेवढे वर आहेत. ओरडलो. खूप ओरडलो. माझाच आवाज माझ्या कानाला पोचत नाही.

पायाला काहीतरी—

नाही. आता नाही. होतं, आणि माझ्या अंगावरून, खांद्यावर पाय देऊन वर— मी गळ्यापर्यंत आत.

माणसं आली. देवा, आली! वरून रुई ओतताहेत. अरे, मी आहे! दिसत नाही का? डोळ्यांत रुई—

पुंजाराम हाका मारतोय. हाका सुरू केल्या, बरं केलं मी, बरं केलं. उद्धव. मी भायेर. देवीदास. मी भायेर.

सहदेव.

"मी भायेर."

बाहेरून. ओट्यावरून. घोगरा, म्हातारा—

पार्वताबाई हंबरडा फोडते आहे. सगळे ओरडताहेत, सुटला रे बापा, सुटला! हसताहेत. बैलांची घुंगरं—

अजून एक राहिलं. पुंजाराम, एक राहिलं. साहेब नको म्हणू, नाव घे. माझं नाव घे, अरे भग