उदगीर जिल्हा झाल्यावर शिवकांताचा इलाज

३ एप्रिल २०१६, उदगीर
आजपासून रोज लिहिणार. उदगीर जिल्हा झाला की पुढं इतिहासकारांना लागेल. जिल्हा कृती समितीचा चिटणीस मीच.
बायकोला, शिवकांताला, पाळीत रक्त फार जातं. दोन वर्षं झाली. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठबीठ नाही, पिशवी काढायची गरज नाही. गरम पाण्याचा फुगा आत ठेवून पिशवीचं अस्तर तेवढं जाळतात, संध्याकाळी घरी. मशीन मात्र लातूरला, म्हणजे ज्या जिल्ह्यातून आम्हाला फुटायचंय तिथंच. पाणी किती लागतं, मी विचारलं. वाटीभरही नाही म्हणाल्या. टंचाईत परवडण्यासारखं आहे. हिमोग्लोबिन सहा, उशीर करू नका म्हणाल्या.
उद्या निर्णय घेणार.

९ एप्रिल
निर्णय झाला. लातूरला जायचं नाही. चिटणिसाचीच बायको लातूरला गेली तर लोक म्हणतील, मग लातूर काय वाईट? १ मेला घोषणा नक्की. मग जिल्हा रुग्णालय इथंच, मशीन इथंच, पहिली पेशंट शिवकांता. पेपरात फोटो. तिला सांगितलं. म्हणाली, तुमचा जिल्हा व्हईपर्यंत म्या ऱ्हाईन का. अशक्तपणात माणूस असं बोलतं.

१५ एप्रिल
घरात पाण्याचं रेशनिंग सुरू. माणशी दोन घागरी. या दिवसांत शिवकांताला धुण्याला जास्त लागतं. नियम तो नियम, तरी माझ्यातली अर्धी घागर दिली. संध्याकाळी आंघोळीला परत घेतली.
आपल्यात विटाळ पाळत नाहीत, म्हणून ती याही दिवसांत टँकरच्या रांगेत उभी असते. भाषणात घ्यायचा मुद्दा: समता.

२२ एप्रिल
जाहीर सभा. साध्या इलाजासाठी आमच्या बायाबापड्यांना लातूर गाठावं लागतं, असं म्हणालो. टाळ्याच टाळ्या. आई पहिल्या रांगेत होती, तिनं वाजवल्या नाहीत. घरी आल्यावर कानडीत काहीतरी बोलली. समजलं, पण लिहीत नाही.

१ मे
घोषणा नाही. १५ ऑगस्ट पक्का. शिवकांताला सांगितलं. ती घागर उचलून टँकरकडं गेली, म्हणजे पटलं.

६ मे
शिवकांता परवापासून माहेरी, अहमदपूरला. सोबत आई. तेवढंच पाणी वाचेल.
उद्यापासून साखळी उपोषण. पहिला मान माझा, सकाळी दहा ते पाच. प्राण गेला तरी उठणार नाही.

७ मे, दुपारी बारा
उत्साह दांडगा. समोरच्या हॉटेलात भजी तळायलेत. मंडपाची जागा चुकली.

८ मे, लातूर
काल भर मंडपात चक्कर आली. कार्यकर्त्यांनी जीपमध्ये घालून लातूरच्या दवाखान्यात आणलं. शुद्धीवर असतो तर विरोध केला असता. थोडा होतो.
सकाळी डोळे उघडले तर समोर आई, मागं शिवकांता. तुम्हाला कुणी कळवलं, विचारलं. आई म्हणाली, कळवायला कशाला पायजे, आम्ही वरच्याच मजल्यावर हाव. अहमदपूरला गेल्याच नव्हत्या. आधी रक्त चढवलं, काल फुग्याचं काम झालं. संमतीच्या कागदावर सही आईनं केली. शिवकांता म्हणाली, आता बरं हाय, तुमी जिवाला जपा. आणि पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.
डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले. मला काहीही झालेलं नाही, जेवण तेवढं चुकलं. हिमोग्लोबिन चौदा.
सहावर ती घागरी वाहत होती. चक्कर मला आली.