एकदाच जाऊन येण्याचा शिक्का

प्रिय अप्पा,

आज पासपोर्टवर नवा शिक्का मिळाला. आता मी जपानमधून हवं तेव्हा भारतात येऊन परत जाऊ शकते. तुम्ही जाऊन एकवीस दिवस झाले आणि शिक्का आज! व्हिसाच्या कचेरीतून इचिकावाला परतताना फार भरून आलं, पण इथे ट्रेनमध्ये रडायचीही चोरी. म्हणून घरी येऊन लिहायला बसले.

फोनवर तुमचे तीन प्रश्न ठरलेले. बाग कशी आहे? पक्षी कोणते दिसले? तुणतुणं वाजवतेस ना? पक्ष्यांचं तेवढं मी खरं सांगायचे.

बागेचं ऐका. गॅलरीत डब्यातली मेथी पेरली, चार कुंड्या ओळीत मांडल्या. तर इमारतीचे व्यवस्थापक दारात कमरेत वाकून माफी मागत उभे! आग लागली तर खालच्या मजल्यावर उतरायचं झाकण असतं, नेमकं त्यावर मी कुंड्या ठेवलेल्या. मला वाटलं, कुंड्यांसाठीच चौथरा केलाय! कुंड्या बाथरूममध्ये गेल्या आणि मेथी आठवड्यात पिवळी पडली. तुम्हाला मात्र सांगितलं, दोनदा भाजी केली.

तुणतुण्याचं तर विचारूच नका. निखिल म्हणाला, "अगं, इथल्या भिंती म्हणजे कागद. कंपनीने दिलेलं घर आहे, कम्प्लेंट आली तर उगाच प्रॉब्लेम." मग मी तुणतुण्याच्या पोटात टॉवेल कोंबला आणि गाद्यांच्या कपाटात बसून वाजवलं. एका मुलीची आई, कपाटात! तरी बाहेरून सई ओरडलीच, "मम्मा, उरुसाई!" म्हणजे, किती गोंगाट! पाच वर्षांची आहे, पण ती इथलीच झाली. त्यानंतर मी तुणतुणं बाहेर काढलं नाही.

पण अप्पा, तुम्हीही काही कमी नव्हतात! छातीत दुखत होतं, ते आईला मला कळवू दिलं नाहीत. म्हणे, "ती तिकडे सुखात आहे, कशाला तिच्या जिवाला घोर?" सुखात आहे हे तुम्हाला सांगितलं कुणी? मीच ना!

तुम्ही गेल्याचा आईचा फोन आला तेव्हा इथे मे महिन्यातली सलग पाच दिवसांची सुट्टी लागली होती. देशाबाहेर जायचं तर परत येण्याची परवानगी आधी काढावी लागते. फॉर्मवर मी 'एकदाच' वर खूण केली होती. आपण कुठे सारखे जातो, असं वाटून. ती गणपतीत वापरून झाली होती आणि कचेरी बंद. आईला म्हटलं, "शिक्का नाही गं, येता येत नाही." ती "बरं" म्हणाली. फक्त "बरं".

ते पाच दिवस मी रोज स्टेशनवर जाऊन उभी राहायचे. तिथे भिंगरीचं घरटं आहे. प्रवाशांच्या अंगावर घाण पडू नये म्हणून स्टेशनवाल्यांनी खाली एक छत्री उलटी टांगली आहे. घरटं पाडलं नाही, बघा! तुम्ही केली असतीत तशी वहीत नोंद केली, पिल्लं चार.

आता खरं सांगते. विमानतळ उघडा होता, अप्पा. तशीच निघाले असते तर व्हिसा गेला असता, नवा मिळायला दोन-तीन महिने लागले असते. तेवढंच. निखिलसुद्धा म्हणाला होता, "तू जा, सईचं मी बघतो." मी बॅग काढलीच नाही. कचेरी उघडल्यावरही पंधरा दिवस तिकडे फिरकले नाही. मला भीती वाटत होती, एकदा घरी पाऊल टाकलं तर परत यावंसंच वाटणार नाही. सईसाठीसुद्धा नाही. असं कुठल्या आईला वाटतं? हे कुणाला सांगणार होते मी?

शनिवारी सईला घेऊन साताऱ्याला येतेय. आई रागावेल, किंवा पुन्हा नुसतं "बरं" म्हणेल. काहीही म्हणू दे. तुम्हाला शब्द देते, तिच्यासमोर बसून सांगेन, "आई, मला येता येत होतं. मी आले नाही."

तुमची,
मुग्धा