पायरीवरची बायनाबाई

१० फेब्रुवारी
आले बाई एकदाची! सोनपेठहून एसटीत हाडं खिळखिळी झाली, पण ही बारव, पायऱ्यापायऱ्यांची जुनी विहीर, बघितली आणि सगळा शीण पळाला. कसली देखणी आहे! लेसर यंत्रानं तिचा दगड न् दगड मोजायचा आणि संगणकावर हुबेहूब बारव उभी करायची, हे माझं काम. मुक्काम बारवेशेजारच्या शिवकन्याच्या घरी. तिची सासू बायनाबाई माझ्या मागोमाग उतरली आणि आसरांच्या, म्हणजे पाण्यातल्या देवींच्या, शेंदरी दगडांपाशी पायरीवर ठाण मांडून बसली. परकं माणूस बारवेत आलं की घरच्या बाईनं आसरांजवळ बसावं लागतंय, त्यास्नी एकटं सोडायचं न्हाई, म्हणाली. वर मलाच विचारते, तुला घरी जेवायला घालत न्हाईत का, लय वाळलीस म्हणून!

१२ फेब्रुवारी
मोजणी झाली. आजी, जरा उठा म्हटलं तर म्हातारी नुसती हसते आणि तंबाखू मळते. शेवटी संगणकावरच्या ठिपक्यांच्या चित्रात पायरीवर तिच्या आकाराचा पुंजका आलाच. असला कचरा आम्ही नेहमीच पुसतो. पुसला. आता बारव लख्ख दिसते.

१३ फेब्रुवारी
चहा पिताना शिवकन्याला विचारलं, बायनाबाई कुठंयत? ती बघतच राहिली. सासू तर माझं लगीन व्हायच्या आधीच गेली की, म्हणाली. थट्टा करायलीय वाटलं. पण अंगणात म्हातारीची बाज नाही. तिच्या शेळ्या तेवढ्या बारवेच्या काठावर उभ्या राहून ओरडायल्यात.

१४ फेब्रुवारी
ती परवापर्यंत इथं होती, हे गावात कुणालाच आठवत नाही. मूळ फाइल उघडली, तिथंही पायरी रिकामी. हातानं भाकरी वाढली होती तिनं मला, आणि मी तिला कचरा म्हटलं. काय केलं मी हे?

१५ फेब्रुवारी
यंत्र लावून मीच बसले तिच्या जागी. आसरा एकट्या नकोत — आणि चित्रात दोन पुंजके! एक मी. शेजारी मांडी घालून — ती! आजी, आहात तुम्ही! उद्या काहीही करून —

१५, दुपार
ऑफिसातून वैष्णवीचा फोन. फाइल आपोआप तिच्याकडं गेली. पायरीवर कुणीतरी दोघी बसल्यात, पुसायला घेतलंय, म्हणाली. थांब म्हणून ओरडले. तर म्हणते, कोण बोलतंय?

शिवकन्या माझ्या अंगावरूनच गेली — बघितलंही नाही —

पुसायला वैष्णवीला मीच शिकवलं. कचरा नाही गं तो. ती बायनाबाई. शेजारी मी. मी म्हणजे —