पाय ताईचा आहे

३ नोव्हेंबर

ताईने सर्जनला हाकललं! तो पलंगाशी बसून गुडघ्याखाली कुठे कापायचं ते कागदावर काढून दाखवत होता. ही म्हणते, "चित्र छान आलंय हो. घरी लावा."

डाव्या पायाची तीन बोटं काळी पडली आहेत. साखरेमुळे रक्त पोचत नाही. पाय कापला तर बहुधा वाचेल. नाही तर अंगभर विष चढणार, महिना-दीड महिना, तोही फार झाला. सर्जनने सांगितलं, मीही सांगितलं. तर म्हणते, "जन्मभर लोकांना चपला जोडीनं विकल्या. आता मी एकच मागायला जाऊ? दुकानदार काय म्हणेल!"

चपलांचं दुकान तिचंच होतं. स्वतःच्या विनोदावर ती हसली, सिस्टर हसली. मी नाही.

४ नोव्हेंबर

सर्जनने कॉरिडॉरमध्ये गाठलं. "मॅडम, वय झालंय, ताप आहे, काल वार सांगताना चुकल्या. निर्णय घेण्याच्या अवस्थेत आहेत का ते एकदा तपासून घेऊ. नसतील तर तुम्ही आहात. घरचं दुसरं कोण आहे?"

खरंच कोणी नाही. भाऊजी गेले, मूलबाळ नाही, माझ्याकडेच राहते.

आणि हे तपासणं म्हणजे माझंच काम! याच हॉस्पिटलात त्यासाठी मला बोलावतात. उपचार हवा की नको, हे रुग्ण स्वतः ठरवू शकतो का? चार गोष्टी बघायच्या: समजतं का, लक्षात राहतं का, तोलता येतं का, सांगता येतं का. किती मुलांना न् सुनांना ठणकावलं असेल मी— निर्णय तुम्हाला पटत नाही म्हणून माणसाचं डोकं फिरलेलं नसतं!

आज मात्र सर्जनचं ऐकून बरं वाटलं. ठरू दे तिला अक्षम, मग मी 'कापा' म्हणेन न् मोकळी होईन. हे इथेच राहू दे.

बहिणीची तपासणी बहिणीने करायची नसते. उंटाला बोलावलंय. माझाच विद्यार्थी. मान लांब, घाई कशाचीच नाही.

६ नोव्हेंबर

फजिती! उंटाने पहिला प्रश्न विचारला आणि ताई म्हणाली, "उरलेले तीनही विचारून टाक बाबा, तुझाही वेळ वाचेल." मग घडाघडा उत्तरं. माझे शब्द, माझा सूर, बोट उगारायची ढबसुद्धा माझीच. दाराबाहेर उभी राहून मी माझंच व्याख्यान ऐकत होते.

उंट बाहेर आला. "मॅडम, हे मावशींचं उत्तर की तुमचं? पाठांतर कसं तपासू?"

सांगावंच लागलं. काल संध्याकाळी मी तिला हेच चार प्रश्न विचारून पाहिले होते. कुठे अडखळते ते बघायला! अडखळली नाहीच, उलट तिची उजळणी झाली. इतकी वर्षं जेवताना माझ्या कामाच्या गोष्टी ऐकल्यात तिने, कच्चं काय राहणार?

उंट म्हणाला, "मॅडम!" एवढंच. जन्मात इतकी बोलणी खाल्ली नव्हती.

ताईची वेणी घालायला गेले. "तोंड का पडलंय?" म्हणते. "परीक्षा माझी होती ना?"

७ नोव्हेंबर

ताप उतरला. ताईने स्वतःचं जेवण परत पाठवलं आणि माझ्या डब्यातलं संपवलं.

८ नोव्हेंबर

आज उंटाने प्रश्नच बदलले. म्हणाला, "मावशी, तुमच्या बहिणीला वाटतं पाय कापावा. तिची बाजू मला पटवून द्या."

ताई पांघरुणाच्या घड्या सारख्या करत बसली. मला वाटलं, अडली! आणि वाटल्याची लाज वाटली.

मग बोलायला लागली. सर्जनने सांगितलेलं सगळं नीट मांडलं. वाचायची शक्यता, नकली पाय, काठी धरून चालायला शिकणं. "हे झालं डॉक्टरी. पण हिचं खरं कारण वेगळंच आहे. सकाळी पेपर वाचताना ही सगळ्या जगाशी भांडते. समोर ऐकायला कोणीतरी लागतं. मी गेले की भिंतीशी भांडेल. लोकांना वाटतं ही कडक आहे. कसली कडक! लहानपणी दिवे गेले की माझ्या फ्रॉकला लोंबायची. पाय कापून मी तिला आणखी दोन-चार वर्षं मिळणार असेन, तर तिच्या दृष्टीने सौदा स्वस्त आहे. तिच्या जागी मीही हेच म्हणाले असते."

"एवढं कळतंय, तरीही नको?"

"तरीही नको. ह्यांची आधी बोटं कापली, मग घोटा, मग गुडघा. वर्षभर उशापायथ्याशी मीच होते. शेवटी शेवटी ते माझ्याकडे पाठ करून निजायचे. मला हिच्याकडे पाठ करायची नाही."

उंटाचा निकाल: ताई पूर्ण सक्षम. मी त्याच्यावर उगाचच खेकसले. वाद घालायला मात्र काही सापडलं नाही. माझी बाजू इतकी छान मलाही मांडता आली नसती.

९ नोव्हेंबर

ताईला घरी आणलं. निघताना सर्जन हळूच म्हणाला, "थांबू या. शुद्ध हरपली की विचारायचं तुम्हालाच."

मी ताईची पिशवी उचलली. 'नाही' म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

१४ नोव्हेंबर

ताईची खुर्ची खिडकीशी नेली. आल्यागेल्याच्या चपलांना नावं ठेवण्यात तिची दुपार मजेत जाते. "तो बघ, आठ नंबरचा पाय सातात कोंबलाय. बायकोने आणलेली दिसतेय!" मग माझ्याकडे वळली. "आणि तुझे हे बूट! प्रेतयात्रेला निघाल्यासारखे. मी असेपर्यंत घरात दिसता कामा नयेत." बाजारात जाऊन लाल सँडल आणल्या. या वयात! ताईने अंगठ्याशी दाबून पाहिलं, मान डोलावली. "आता जरा माणसात आलीस."

ड्रेसिंग बदलताना काळं घोट्यापर्यंत आलेलं दिसलं. तिलाही दिसलं. म्हणाली, "बघू नकोस. पेपर वाच, भांड."

वाचला. भांडले.

१९ नोव्हेंबर

ताप चढला. मला आई म्हणून हाक मारली. मी ओ दिली.

२० नोव्हेंबर

ताईला शुद्ध नाही. पहाटे पुन्हा हॉस्पिटलात आणलं. ऑपरेशन थिएटर तयार होतं. सर्जन म्हणाला, "बोला मॅडम, अजून वाचवता येईल. काय करायचं?"

"तिला पाय कापायचा नाही," मी म्हणाले. "फक्त दुखू देऊ नका."

मला काय हवंय ते त्याने विचारलं नाही. बरं झालं.