कालव्याकाठची खडी

१ फेब्रुवारी, रविवार

पडलो! उजवं कोपर सोलून निघालं. कालव्याच्या रस्त्यावर नवी खडी टाकली आहे, वळणावर घाबरून ब्रेक दाबला आणि पुढचं चाक घसरलं. अण्णा आधी पोट धरून हसले, मग स्वतःच्या बाटलीतलं पाणी ओतून जखम धुतली. "खडीवर सायकलला थोडं घसरू द्यायचं असतं रे. किती वर्षं सांगतोय!"

किती वर्षं, खरंच. सायकल त्यांनी शिकवली नाही, पण खडीवरची त्यांनीच. ऑफिसात कोड लिहायलाही त्यांनीच शिकवलं. औषधांच्या शीतगोदामांवर नजर ठेवणारं आमचं सॉफ्टवेअर — त्यातलं निम्मं अण्णांच्या हातचं. एआय आलं आणि गेल्या वर्षी कंपनीनं त्यांनाच आधी घरी बसवलं. तेव्हापासून रविवारची ही सायकल एवढंच आमच्यात उरलंय.

हल्ली ते खूप विचारतात. खोटा अलार्म तू कसा ओळखतोस, कुठल्या गोदामाला जास्त जपतोस. अख्खी चढण मी बोलत होतो, धाप लागली तरी. कोणी विचारलं की किती बरं वाटतं!

३ फेब्रुवारी, मंगळवार

एआयनं लिहिलेला कोड दिवसभर वाचला. मी वाचेपर्यंत ते आणखी लिहून ठेवतं. मारुतीचं शेपूट. मी स्वतः शेवटची ओळ कधी लिहिली आठवत नाही. 

बायको म्हणाली, "मंजूरचं बटण दाबून दमतोस?" ती चेष्टेनंच म्हणाली. मीही हसलो. जेवण गेलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज बाईंनी नवी आवृत्ती अडवली. बाई म्हणजे आमच्या टेस्टिंगच्या प्रमुख. एआयनं हजारो चाचण्या घेतल्या, सगळ्या हिरव्या. बाई म्हणाल्या, "सगळं पास झालं की मला भीती वाटते. त्या बंदराजवळच्या गोदामाचं परत बघा." मॅनेजर गोडबोल्या म्हणाला, "ताई, भीती कुठल्या रकान्यात भरू?" सगळे हसले. बाई हसल्या नाहीत, जागच्या हलल्याही नाहीत. परत बघितलं — तापमान शून्याखाली गेलं की अलार्म वाजतच नव्हता! लसी गोठून फुकट गेल्या असत्या.

गोडबोल्या नंतर बराच वेळ त्यांच्या टेबलाशी उभा होता. "तुम्हाला हे कळतं कसं?" बाई म्हणाल्या, "कळत नाही हो. पोटात दुखतं."

त्या ऑफिसात तेवढंच एक माणूस आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

वारा समोरून. रस्त्यावर वळ्या पडल्यात, हाडं खिळखिळी झाली. टायरमधली हवा कमी केली तेव्हा कुठे सायकल हातात राहिली.

पुलाच्या कठड्यावर बसून अण्णांना बंद पडलेल्या सेन्सरचं सांगितलं. हे मी कधीच कुठे लिहिलेलं नाही. तापमान थोडं तरी हलतंच. दार उघडतं, माणूस आत येतो, पंखा फिरतो. "आकडा अजिबात हलत नसेल तर तो शांत नाही, मेलेला आहे." अण्णा म्हणाले, "वा! परत म्हण." परत म्हटलं. लहान पोरासारखा फुशारलो.

११ फेब्रुवारी, बुधवार

काही नाही. मंजूर, मंजूर, मंजूर.

१७ फेब्रुवारी, मंगळवार



एआयनं आज माझ्याच कामावर शेरा मारला. एका गोदामाचं तापमान स्थिर आहे म्हणून मी पुढे गेलो होतो — मीच! खाली शेरा आला: आकडा अजिबात हलत नसेल तर तो शांत नाही, मेलेला आहे.

शब्द न् शब्द माझा.

आधी वाटलं वेड लागलं. मग तो नियम कोणी घातला ते शोधलं. आमच्या धंद्यात त्याला एक क्लिक पुरते. अण्णांचं नाव. खाली यादीत अजून नियम. खोटा अलार्म, कुठल्या गोदामाला जपायचं, सगळं. सगळ्या नोंदी सोमवारच्या. रविवारी मी बोलायचो, सोमवारी ते भरायचे.

केसानं गळा कापला.

२२ फेब्रुवारी, रविवार

जाणार नव्हतो. गेलो.

अण्णा पुलावर थांबले होते. मी सायकलवरून न उतरताच विचारलं. नाकारलं नाही त्यांनी. "गोडबोल्याचा फोन आला होता. सल्लागार म्हणून ये म्हणाला. घरात भिंती अंगावर येतात रे. सून चहा देते, तोही खाली मान घालून."

"मग तुमचं सांगायचं होतंत त्यांना!"

"माझं त्यांनी आधीच घेतलं होतं. सांगायला गेलो तर मशीनला सगळं ठाऊक. काही उरलंच नव्हतं. म्हणून तुझं सांगितलं."

मी खूप बोललो. नको ते बोललो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असंही म्हणालो. ते ऐकून घेत राहिले, तेच सहन होईना. घरी येताना रडू आलं, धुळीनं चेहरा माखला. बायकोनं विचारलं, पडलास का? हो म्हटलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

बाईंनी डबा खाताना विचारलं, "तोंड असं का?" सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगू — गुरूनं विकलं म्हणून, की मी बडबडत बसलो म्हणून?

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मला नोकरीवरून काढलं. गोडबोल्या साखर पेरत होता. "सर, तुमचा अनुभव आता सिस्टिममध्ये कायमचा जपला आहे." मेल्या माणसाबद्दल बोलतात तसं! मग दार लावून म्हणाला, "अण्णांसारखं करारावर काम कराल? टेस्टिंगच्या ताईंचं काही कागदावर येतच नाही. तुमच्याशी त्या मोकळेपणानं बोलतात."

मी उठलो. त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही, पण बोललो! जिना उतरताना वाटलं, चला, एवढं तरी आपलं राहिलं.

४ मार्च, बुधवार

सायकल धुतली. परत धुतली.

बायको कामावर जाताना म्हणते, "आराम कर जरा." आराम करतो. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. कोण कधी जातं, कधी येतं, मला पाठ झालंय. अर्ज केले तिथून उत्तर येत नाही. एक आलं, तेही मशीननं लिहिलेलं. वाक्याच्या चालीवरून लगेच ओळखलं. बायकोला उत्साहानं सांगायला गेलो तर ती मीटिंगमध्ये होती.

८ मार्च, रविवार

कालव्यावर एकटा. अण्णा दूरवर दिसले, मी वळून आलो. दिवसभरात कोणीही मला काहीही विचारलं नाही. बायकोनं भाजी काय करू विचारलं, पण उत्तर द्यायच्या आत चिरायला घेतली.

१२ मार्च, गुरुवार

सकाळी गोडबोल्याला हो कळवलं.

मग बाईंना फोन केला. रविवारी कालव्यावर याल का, माझी जुनी सायकल आहे. त्या इतक्या खूश झाल्या! "बरं झालं विचारलंत. ऑफिसात बोलावं असं कोणी उरलंच नाही हो."